पांढरे बल्ब

१ डिसेंबर, सोमवार

आज उसाच्या ट्रॉलीत घुसलो असतो.

वाघबीळचा उतार संपला, धुकं होतं. ट्रॅक्टर रस्त्यातच बंद पडलेला. मागं ना लाल दिवा, ना रेडियमची पट्टी. मला दिसली ती एकदम उसाची टोकंच, काचेवर आल्यासारखी. हे शेजारून ओरडले, "उजवीला घे! उजवीला!" घेतली. समोरून कोणी येत नव्हतं म्हणून वाचलो. पुढं केर्लीपर्यंत दुसऱ्या गिअरमध्येच गेले.

ह्यांचं डायलिसिस (पुढं नुस्तं डा. लिहीन) सोम., बुध., शुक्र. कोल्हापुरात सकाळी सहाची पाळी. गावातनं साडेचारला निघावं लागतं, म्हणजे सगळा रस्ता अंधारातच. दहाची पाळी मागितलीय. यादी मोठी आहे म्हणाले.

वजन जाताना ६३.१, येताना ६०.६. पाणी ७५० मिली.

वही खरं तर एवढ्यासाठीच. डॉक्टर म्हणाले रोज वजन-पाणी लिहा. ते दोन ओळींत होतं, पान उरतं.

२ डिसेंबर, मंगळवार

ब्लाउजची कामं बाजूला सारून गाडीचे दिवे बघितले. वीस वर्षांची गाडी. पुढची काच मोतीबिंदू झाल्यासारखी पिवळट. टूथपेस्ट लावून फडक्यानं घासली. ओली होती तोवर चकचकीत, वाळली की परत तशीच.

हे ओट्यावर खुर्चीत बसून बघत होते. पंचवीस वर्षं ट्रक चालवला, कोकणात घाट उतरून. आता चक्कर येते म्हणून डॉक्टरांनी स्टेअरिंग बंद केलं. मग मलाच शिकवली गाडी, सत्तेचाळिसाव्या वर्षी. म्हणाले, "काच घासून काय हुतंय? वायरिंग बघून घे आधी. करंटच पोचत नसंल बल्बापर्यंत."

"कोण बघणार?"

"उचगावला गौसभाई हाय की. माझ्या ट्रकचं त्योच करायचा. दोन खेपा घालाव्या लागतील, पण काम करंल."

दोन खेपा कुठून आणू?

पाणी ८००. जास्त झालं. ओरडले नाही. तोंड सुकतं त्यांचं, मला कळतं.

३ डिसेंबर, बुधवार

हे मशीनवर असले की मला चार तास मोकळे. आज गाडीच्या सामानाच्या एका दुकानात गेले. तो म्हणाला, "ताई, पांढरे एलईडी टाका. पाच मिनटाचं काम. दिवस उगवंल तुमच्यापुढं." टाकले. खरंच पाच मिनिटं.

ह्यांना सांगितलं. "गौसभाईकडं न्हाई गेलीस?"

"हे लगेच झालं."

मान मागं टेकून डोळे मिटले. दमलेले असतात डा. नंतर, मी पण ताणलं नाही.

जाताना ६२.९, येताना ६०.५.

५ डिसेंबर, शुक्रवार

रस्ता पिठासारखा पांढरा. खड्डे, साइडपट्टी, कडेचं कुत्रं, सगळं दिसतंय. वाघबीळला पहिल्यांदा मान आखडली नाही. गाणं म्हणावंसं वाटलं.

समोरनं येणारे मात्र लाईट मारत होते, दोनदा-तीनदा. एक ट्रकवाला तर हॉर्न दाबूनच गेला. हे म्हणाले, "डिप्पर मार, उजेड खाली घे."

"मारलाय की."

"मग डिप्परलाबी डोळ्यांत जातंय त्याच्या."

मी म्हटलं, असू दे, मला तर दिसतंय ना.

७ डिसेंबर, रविवार

चुलतभावाच्या मुलीचं लग्न. नेऊ नये असं वाटत होतं पण ह्यांचा चेहरा बघून नेलं. मठ्ठा प्याले, मग पाणी, मग कोणीतरी सरबत हातात दिलं. संध्याकाळी पाय सुजले. वजन ६५.३. रात्रभर उशा लावून बसूनच. श्वास शिट्टीसारखा.

८ डिसेंबर, सोमवार

साडेचारच्या ऐवजी चारला निघाले. ह्यांना धाप. बोलता येत नव्हतं.

बांबवड्याच्या पुढं, दोन्हीकडं ऊस असलेला पट्टा. समोरनं एक मोटारसायकल. दिवा जवळ आला, हलायला लागला. बाजूनं गेली. आरशात बघितलं तर मागचा लाल दिवा आडवा घसरला आणि विझला. डब्याचा आवाज. पत्र्याचा डबा आपटावा तसा.

थांबले नाही.

ह्यांचे डोळे मिटलेले होते. श्वास

सहाला वीस कमी असताना मशीनला लावलं. सिस्टर म्हणाल्या, बरं केलं लवकर आणलंत, अजून उशीर केला असता तर. त्या असंच सगळ्यांना म्हणत असतील.

६५.८. येताना ६२.१.

रात्री. डिप्पर मारला होता का, आठवत नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

काल येताना त्या जागेवर गाडी हळू केली. ह्यांना झोप लागली होती. डांबरावर दूध वाळलेलं, पांढरा डाग, फरशीवर ताक सांडून वाळतं तसा. उसाच्या कडेला पाटात डब्याचं झाकण पडलेलं.

आज ह्यांना गोळ्या आणायच्या आहेत असं सांगून परत गेले. जवळच दूध संस्थेचं संकलन केंद्र आहे. म्हशीची पेंड मिळती का, असं विचारत विचारत काल सकाळी इथं कोण पडलं होतं का म्हटलं. तिथला माणूस फॅटचं मशीन पुसत होता. म्हणाला, "व्हय, वस्तीवरचा तानाजी. हात मोडला. मनगट. पाटात पडून हुता, ऊसतोडीच्या लोकांनी उचलला."

"कसा पडला?"

"त्यो म्हणतोय समोरनं पांढऱ्या लाईटची गाडी आली, काय दिसलंच न्हाय. पण पेला असंल. आदी लई प्यायचा. सहा वर्षं झाली सोडलीया म्हणतोय, कोण इस्वास ठेवणार?"

मी पेंड न घेता आले. जिवंत आहे. एवढंच डोक्यात घेऊन आले. जिवंत आहे. आणि त्या माणसापुढं तोंड उघडलं नाही.

१० डिसेंबर, बुधवार

पहाटे निघायच्या आधी पांढरे बल्ब काढले, जुने पिवळे बसवले. बॅटरी तोंडात धरून. हे दारात येऊन उभे राहिले. "काय झालं?"

"लोकांच्या डोळ्यांत जातंय."

माझ्याकडं बघत राहिले. मग गाडीत बसले. वीस-पंचवीसच्या वेगानं गेलो.

हे मशीनवर, मी उचगावला. गौसभाईंचं दुकान म्हणजे पत्र्याचं शेड, पुढं लिंबाचं झाड. वय सत्तरीला आलं असेल. दाढी पांढरी, हात काळे. ह्यांचं नाव सांगितलं तर आधी तब्येत विचारली, मग गाडीला हात लावला. होल्डर ओढून काढला तर वितळलेला. वायर दाखवली, दोऱ्याएवढी. "सगळा करंट बटणातनं फिरून येतोय ताई. बॅटरीत बारा व्होल्ट हाय, इथं येईस्तोवर दहाबी उरत न्हाई. बल्ब काय करंल बिचारा?" आतली वाटी, रिफ्लेक्टर, काळी पडलेली.

पर्समधनं पांढरे बल्ब काढून दाखवले. उलटसुलट करून बघितले. "ह्या वाटीत ह्यो बल्ब बसतोय, पण ह्याचा उजेड बसत न्हाई. ही वाटी दुसऱ्या बल्बासाठी घडवल्याली. ह्यो घातला की उजेड सगळीकडं उधळतोय, वर, समोर, झाडावर. तुमाला वाटतंय लई दिसतंय. समोरचा आंधळा."

उद्या दुपारी गाडी ठेवायची. अंधार पडायला लागल्यावर फोकस लावतो म्हणाले, त्याशिवाय नेता येणार नाही.

६२.८ / ६०.४. पाणी ७००.

११ डिसेंबर, गुरुवार

शेजारच्या वहिनींना ह्यांच्याजवळ बसवलं. दुपारी दोनला उचगाव.

बॅटरीपासून थेट जाड वायर, मध्ये दोन रिले. नवीन होल्डर. नवीन वाट्या. काच बारीक पॉलिश पेपरनं पाण्यात भिजवून भिजवून घासली, मग वर लॅकर. बल्ब साधेच, पिवळे. सगळं स्वतःच्या हातानं. मी लिंबाखाली बसून हुक लावत होते, ब्लाउजचं काम सोबत नेलेलं.

साडेसहाला समोरच्या गोदामाच्या भिंतीपुढं गाडी लावली. पावलं मोजून लांब नेली. टायरमधली हवा बघितली. मला म्हणाले, स्टेअरिंगवर बसा, तुमच्या वजनानं गाडी जेवढी दबंल तेवढी दबू द्या. भिंतीवर खडूनं रेघ मारली. डिप्परचा उजेड त्या रेघेच्या खाली आणला, स्क्रू पाव पाव फिरवत. उजवीकडचा अजून खाली. "उजवीकडनं माणूस येतोय समोरचा. तिकडं वर जाता कामा नये. डावीकडं जरा चढला तर चालंल, तिकडं आपलीच कड हाय."

स्टेअरिंगवर बसल्या बसल्या सांगून टाकलं. का, ते माहीत नाही. त्यांचा चेहरा दिसत नव्हता, ते दिव्याच्या मागं वाकलेले. म्हटलं, त्या पांढऱ्या बल्बांमुळं एक माणूस पडला आणि मी थांबले नाही.

गौसभाई स्क्रू फिरवायचे थांबले. "अप्पर हुता का डिप्पर?"

"डिप्पर," मी म्हटलं.

"जिवंत हाय न्हवं?"

"हात मोडलाय."

"मग मला काय सांगतासा? मी काय करू ऐकून? तिथं जावा की."

परत येताना काळोख. दिवा पिवळाच, पण रस्त्यावर चादर अंथरल्यासारखा एकसारखा, कडेपर्यंत. समोरच्यांनी एकदाही लाईट मारला नाही. बांबवड्याच्या अलीकडं आले आणि डिप्पर-अप्पर, डिप्पर-अप्पर करून बघितलं. अप्पर लावला की स्पीडच्या काट्यांच्या मध्ये एक निळा ठिपका पेटतो. सोमवारी तो पेटलेला होता. माझ्या बोटांना आठवतंय, लाईटची दांडी पुढं ढकललेली होती. गौसभाईंशी खोटं बोलले.

१२ डिसेंबर, शुक्रवार

आज ह्यांना सांगितलं. येताना, वाघबीळच्या वर गाडी बाजूला घेऊन. सोमवारी एक माणूस पडला म्हटलं. आरशात दिसलं. तुम्हाला धाप होती, म्हणून

"मी जागा हुतो," हे म्हणाले.

मला वाटलं चुकून ऐकलं.

"डोळे मिटले हुते. आवाज ऐकला डब्याचा. मला वाटलं तू थांबशील. मग वाटलं, नको थांबायला. श्वास मिळत नव्हता मला, मंगल. पंचवीस वर्षांत मी रस्त्यावर माणूस टाकून गेलो न्हाई. त्या दिवशी मनात म्हणत हुतो, चल, चल, थांबू नको."

बाजूनं गाड्या जात होत्या. मग म्हणाले, "आणि अप्परवर हुतीस तू. निळा दिवा बघितला मी. सांगणारच हुतो, त्याआधी त्यो आला."

पाच दिवस एकाच घरात दोघंही गप्प बसलो.

६२.६ / ६०.४.

१४ डिसेंबर, रविवार

तानाजींच्या वस्तीवर जाऊन आलो. दोघं. हे नको म्हटलं तरी आलेच. गाडी रस्त्यावर, पुढं बांधावरनं चालत. तीनदा थांबले.

कौलारू घर, दारात दोन म्हशी. तानाजी पंचेचाळिशीचे असतील, हात गळ्यात. बायको सुशीला शेण भरत होती. "या पावणं, कुठलं म्हणायचं तुमी?" तानाजी म्हणाले आणि चटई झाडायला लागले एका हातानं.

बसले नाही. बसले असते तर सांगता आलं नसतं. "सोमवारी पहाटे पांढऱ्या लाईटची गाडी आली ना, ती आमची. मी चालवत होते. अप्परवर होते. तुम्ही पडल्याचं आरशात दिसलं. थांबले नाही."

सुशीलानं शेणाची पाटी खाली ठेवली. "दिसलं?"

"हो."

"दिसलं, आणि गेलासा?"

"हो."

"दीड तास पडून हुता ह्यो माणूस पाटात. अर्धा पाण्यात. त्या थंडीत. हाक मारत हुता, कोण ऐकणार? गाड्या जाईत हुत्या वरनं." आवाज चढला नव्हता, त्यानं जास्त लागलं. "तोडीची माणसं आली म्हणून, न्हाईतर काय झालं असतं? सांगा की. काय झालं असतं?"

हे म्हणाले, "तिची एकटीची चूक न्हाई. मीबी जागा हुतो. माझी पाळी चुकू नये म्हणून तिनं गाडी पळवली." आणि शर्टाची बाही वर केली, डायलिसिसच्या सुया टोचतात ती फुगलेली शीर, फिस्टुला, दाखवला. कशाला दाखवला कुणास ठाऊक. मला ते आवडलं नाही. दया मागितल्यासारखं झालं. नंतर गाडीत म्हणाले, "मलाबी आवडलं न्हाई."

दवाखान्याच्या खर्चाचं हे बोलायला गेले. तानाजी म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे." मग माझ्याकडं बघून, "म्हणजे लाईट हुती ना? पांढरी?"

"होती."

"मी सांगतोय तेच. कोण ऐकत न्हाई. भावकी म्हणतीया पेला आसंल. डेअरीतबी तेच. ह्या बाईलाबी पैल्या दिवशी तसंच वाटलं." सुशीलानं मान फिरवली. "सहा वर्षं मी थेंब घेतल्याला न्हाई. तुमी एक करशीला? डेअरीत येऊन सांगशीला? सांजच्याला, सगळी आसत्यात तवा."

येते म्हटलं.

निघताना मी सुशीलाला म्हटलं, हात बरा होईपर्यंत धारा काढायला येऊ का, माहेरी म्हशी होत्या आमच्या. ती म्हणाली, "म्हस परक्याला पान्हा सोडत न्हाई." चहाचं विचारलं नाही. विचारला असता तरी घेववला नसता.

१५ डिसेंबर, सोमवार

६२.९ / ६०.५. पाणी ७००. दुसरं काही सुचत नाही. उद्याचं डोक्यात.

१६ डिसेंबर, मंगळवार

संध्याकाळी सहा. डेअरीपुढं रांग, पंचवीस-तीस माणसं, बाया, कॅन, किटल्या. तानाजी दाराच्या खांबाला टेकून उभे. कुणाशी बोलत नव्हते. मला बघून सरळ झाले.

आतल्या त्या फॅटवाल्या माणसानं मला ओळखलं. "पेंड पाहिजे हुती न्हवं तुमाला?"

म्हटलं, पेंड नको होती. आणि तिथनंच सुरू केलं. माझं नाव, गाव, फोन नंबर, गाडी. आठ तारखेच्या सोमवारी तानाजींच्या डोळ्यांवर माझ्या गाडीचा उजेड पडला म्हणून ते पडले. ते प्यालेले नव्हते. मी चुकीचे बल्ब लावले होते आणि डिप्परही मारला नाही, आणि पडलेले दिसून थांबले नाही. नऊ तारखेला इथं येऊन गेले, तेव्हाही बोलले नाही.

मशीनचा घुर्र आवाज चालू होता, तो त्या माणसानं बंद केला.

मागनं कोणीतरी, "मग पोलिसात जावा की, हितं काय सांगतासा?" एक म्हातारी म्हणाली, "बाईमाणूस असून थांबली न्हाईस?" एकजण हसला, कशाला ते कळलं नाही. फॅटवाला तानाजींकडं न बघता म्हणाला, "बरं झालं सांगितलं." बस. रांग पुढं सरकली.

तानाजी खांब सोडून रस्त्यापर्यंत माझ्याबरोबर आले. गाडीच्या दिव्यांपुढं वाकून बघितलं. "बदलल्या व्हय?"

"बदलले."

"लावून दाखवा."

लावले. डिप्पर. दहा पावलं लांब जाऊन माझ्याकडं तोंड करून उभे राहिले. डोळ्यांवर हात न घेता. मला त्यांचा गळ्यातला हात, प्लास्टरचा पांढरा, शर्टाची बटणं, सगळं स्पष्ट दिसत होतं. चेहरा उजेडाच्या वर, अंधारात. बऱ्याच वेळानं बाजूला झाले आणि बांधावरनं घराकडं गेले.

१९ डिसेंबर, शुक्रवार

पोलिसांत मी आपणहून जावं का, ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "जायचंच. पण त्याला विचारून. त्याच्या मोडल्याल्या हाताचा कागद आपल्या मनाच्या समाधानासाठी करायचा न्हाई." मी ब्लाउज उसवत बसले. एक बाही उलटी जोडली होती.

६२.५ / ६०.३.

२१ डिसेंबर, रविवार

तानाजींचा फोन. नंबर डेअरीतनं घेतला म्हणाले. मनगटाचं हाड बसतंय, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही बधिर. वळत नाहीत. तालुक्याचे डॉक्टर म्हणाले कोल्हापूरला दाखवा, शीर दबली असेल, व्यायाम लागेल. "तुमी सोमवारी जातासाच. मला घेऊन जाशीला?"

"येईन. घरापर्यंत येईन."

"नको. रस्त्यावर उभा ऱ्हातो."

सुशीलाचं म्हणणं काय, असं विचारणार होते. मागं भांड्यांचा आवाज जोरात येत होता. विचारलं नाही.

पोलिसांचंही त्यातच विचारलं. म्हणाले, "बोटांचं आधी बघू."

२२ डिसेंबर, सोमवार

पाचला पाच कमी. बांबवड्याच्या पुढं. लांबनंच दिसले, डोक्याला मफलर, अंगावर चादर, प्लास्टरचा हात. मी आधीच वेग कमी केला होता. ते पडले त्या जागेपासून शंभर पावलांवर उभे होते. ती जागा टाळून उभे राहिले की घराची वाटच तिथं येते, माहीत नाही.

मागं बसले. दरवाजा एका हातानं ओढला, बसला नाही, परत ओढला. केर्लीला आल्यावर ह्यांनी विचारलं, "म्हशी कुठल्या?"

"मुऱ्हा एक. एक गावठी."

"दूध?"

"गावठी आटली आता. धार हातानं काढत हुतो मी. बायकोच्या हाताला तेवढा जोर न्हाई."

कोल्हापुरात ह्यांचं झाल्यावर त्यांचं. डॉक्टरांनी टाचणी लावून बघितली. दोन बोटांवर टोचलेलं कळत नाही. सहा आठवडे व्यायाम, नंतर परत तपासणी. येईल की नाही, आत्ता सांगता येत नाही म्हणाले.

६३.० / ६०.५. पाणी ७००.

२९ डिसेंबर, सोमवार

सोम. आणि शुक्र. तानाजी बरोबर असतात आता. डा.च्या हॉलबाहेरच्या बाकावर स्पंजचा चेंडू दाबत बसतात. तीन बोटं दाबतात, दोन नुस्ती वर राहतात. आज मला म्हणाले, "डेअरीत तुमी बोललासा, त्याच्या दुसऱ्या दिवशी चुलता घरी आला. सहा वर्षांत आला नव्हता." एवढंच. पुढं काही नाही.

आज दहाच्या पाळीबद्दल विचारायला विसरले. तिथनं बाहेर आल्यावर आठवलं.

५ जानेवारी, सोमवार

हे आणि तानाजी बोलायला लागलेत. ट्रकचं, घाटाचं, कुठल्या वळणावर कुणी गाडी घातली. मी ऐकते. मला मध्ये घेत नाहीत, मीही जात नाही. तानाजी मला "तुमी" म्हणतात, नाव किंवा वहिनी वगैरे काही नाही. ह्यांना "दादा" म्हणतात.

वाघबीळला आज दाट धुकं. दहाच्या वेगानं. दिवा धुक्याच्या खालनं रस्ता धरतो. गौसभाईंना सांगायला पाहिजे.

६२.७ / ६०.४.

९ जानेवारी, शुक्रवार

ह्यांचा रक्तदाब मशीनवरच पडला. पांढरे फटक. सिस्टर धावल्या, पाय वर केले, सलाईन. मी बाहेर भिंतीला धरून. तानाजी उठून आत गेले, आत जाऊ देत नाहीत तरी गेले, आणि ह्यांच्या पायाशी उभे राहिले. मला बाहेर येऊन सांगितलं, "बोलत्यात. पाणी मागत्यात."

येताना गाडी चालवत असताना रडू आलं. आरशात बघितलं नाही. मागं चेंडू दाबायचा आवाज येत होता, चुक चुक.

१६ जानेवारी, शुक्रवार

तानाजी म्हणाले, करंगळीला काल जेवणाची गरम पितळी लागल्यासारखी वाटली. लागल्यासारखी की लागली, ते सांगता येत नाही. सुशीलानं बघितलं तर लाल झालं होतं. म्हणजे भाजलं होतं, कळलं कमी. ह्यांनी म्हटलं, "थोडं कळलं म्हंजे शीर जागी हाय." तानाजी म्हणाले, "का मला वाटाय पाहिजे म्हणून वाटलं?"

मुऱ्हाचंही दूध उतरलंय.

६२.८ / ६०.६.

२१ जानेवारी, बुधवार

बुधवारी तानाजी नसतात. पहाटे त्या जागेवर आले तर दिव्यात बाई उभी. सुशीला. हात वर केला नव्हता, नुस्ती उभी. कॅन नव्हता, पिशवी नव्हती. ब्रेक दाबला.

काच खाली केली. ह्यांनी विचारलं, "तानाजी बरं हाईत न्हवं?"

"बरं हाईत. झोपल्यात." ती माझ्या बाजूला आली. महिनाभरात माझ्याशी पहिल्यांदा बोलली. "दोन फेब्रुवारीला डॉक्टर बघणार ना हात?"

"हो. सोमवार आहे."

"मीबी येणार. ह्यो माणूस घरी येऊन काय सांगंल त्याच्यावर माझा भरवसा न्हाई. बोटं येणार न्हाईत म्हणाला डॉक्टर, तरी ह्यो मला सांगंल येत्यात. माझ्या कानांनी ऐकायचंय. मग ठरवते मी काय करायचं ते."

काय ठरवणार ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. म्हटलं, थंडी आहे, घरापर्यंत सोडू का? नको म्हणाली. दिवा तसाच चालू ठेवून थांबले, ती बांधावर चढेपर्यंत. वळून बघितलं नाही तिनं.

संध्याकाळी मागच्या सीटवरची ब्लाउजची गाठोडी काढली, सीट झाडली. दोघांना बसायला नीट जागा झाली.

६२.६ / ६०.४. पाणी ६५०.